रसिकांची खाद्ययात्रा आणि आमची शिदोरी

मराठी समीक्षेची परिभाषा जिभेवरून उचललेली आहे. रस, रुची, अभिरुची, आस्वाद हे सारे शब्द मुळात खाण्याच्या व्यवहारातले. उत्तम वाचक तो रसिक, आणि त्याची समीक्षा ती आस्वादक समीक्षा. ह्या परिभाषेशी दलित साहित्याने जो वाद घातला तो आनंद आणि वेदना ह्यांच्या मोजमापाचा होता. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ साली आले, पण वाद त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. त्या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला असे मला वाटते. रस घेणारी ही जीभ कोणाच्या पंक्तीत बसून तयार झाली?

मी आष्टीचा. आष्टी म्हटले की लोकांना बीडची आठवते, नाहीतर बेचाळीसच्या लढ्यातली वर्ध्याची. आमची आष्टी परतूर तालुक्यातली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तोवर आम्ही परभणी जिल्ह्यात मोडत होतो. व्याख्यानांच्या, मेळाव्यांच्या निमित्ताने मी बराच फिरतो हे ठाऊक असलेल्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी मला खाद्यभ्रमंतीची दोन पुस्तके आणून दिली आणि विचारले, ‘सर, तुम्ही एवढी गावे हिंडलात, तुम्ही का नाही लिहीत असे?’ मला चटकन उत्तर देता आले नाही.

ह्या प्रकारच्या लेखनाला मराठीत सध्या बहर आहे. दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत ते सतत दिसते. त्याचा साचा ठरलेला असतो. लेखक परगावी उतरतो, रिक्षावाल्याला विचारतो, गल्लीबोळ तुडवीत एका कळकट हॉटेलात शिरतो. तिथे रस्सा असा काही असतो की घाम फुटतो. मग मालक गल्ल्यावरून उठून येतो, आग्रहाने आणखी वाढतो, आत नेऊन भटारखाना दाखवतो, आजोबांच्या काळचा मसाला सांगतो. पु. ल. देशपांड्यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा ‘हसवणूक’मधला (१९६८) लेख ह्या परंपरेतला सगळ्यांच्या तोंडी असलेला. मला तो आजही आवडतो. त्यात स्वतःच्या हावरेपणाकडे पाहून हसण्याचा मोकळेपणा आहे. पुढच्या मंडळींनी तो मोकळेपणा टाकून दिला आणि जिभेची ऐट तेवढी ठेवली.

परंतु माझी नजर अडते ती भटारखान्याच्या दाराशी. परगावचा अनोळखी माणूस परक्याच्या चुलीपर्यंत जातो आणि त्याला काही विशेष घडले असे वाटतही नाही. लेखात त्या उंबरठ्यावर एक वाक्यही खर्च होत नाही. मी लहान असताना ज्या चहाच्या दुकानाबाहेर उभा राहत असे, तिथे आमच्या कपबश्या बाहेरच्या कोनाड्यात असत. चहा वरून ओतला जाई, पिऊन झाल्यावर कप आपणच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. चहा गोड होता की पांचट, मला आठवत नाही. कोनाड्याची उंची मात्र आठवते, कारण माझा हात पोचत नसे.

१९५०च्या राज्यघटनेतील पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले ह्यांची नावे घेऊन तिथली आडकाठी निषिद्ध केली. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. १९७६ साली तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. घटनेत उपाहारगृहाचा उल्लेख करावा लागला, ह्याचा विचार आमच्या खाद्यलेखकांनी एकदा तरी करावा.

माझा बाप माझ्या चुलत्याला औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात घालायला निघाला तेव्हाची गोष्ट घरात अनेकदा सांगितली जाई. आष्टीहून परतूरपर्यंत पायी, तिथून मीटर गेजची गाडी. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, लाल मिरचीची चटणी, कांदा. प्रवासाचे सगळे नियोजन पाण्याभोवती असे. कुठल्या गावाच्या अलीकडे ओढा आहे, कुठल्या वस्तीत आपले सोयरे आहेत, हे पाठ असे. खायचे काय हा प्रश्न नव्हताच. भाकरी सोडायची कुठे, हा होता.

बाबासाहेबांनी हाच प्रसंग लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या इंग्रजी आठवणींतला १९०१चा प्रवास चळवळीतल्या प्रत्येकाने वाचलेला असतो. साताऱ्याहून ही मुले वडिलांना भेटायला निघाली, मसूरच्या स्टेशनावर उतरली, बैलगाडीने पुढे गेली. बरोबर डब्यात भरपूर जेवण होते. नाक्यावर पाणी मिळाले नाही, म्हणून भरल्या डब्याजवळ मुले उपाशी झोपली. आपण तो प्रसंग अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण तो भारतातल्या प्रवासातल्या जेवणावरचा अव्वल दर्जाचा लेखही आहे. त्याच आठवणींत १९३४चा दौलताबादचा प्रसंग आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेली ही आमची पर्यटक मंडळी. किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुतले आणि गहजब झाला. आज दौलताबादवर लिहिणारा खाद्ययात्री नान-खलियाची कथा तुघलकाच्या फौजेपर्यंत नेऊन भिडवतो. हौदापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

अमेरिकेत काळ्या लोकांनी ह्याच गरजेतून एक पुस्तक काढले. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन हा टपालखात्यातला माणूस. त्याने १९३६पासून प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका छापली. कुठल्या शहरात कुठले हॉटेल, कुठली खानावळ, कुठले पिण्याचे ठिकाण, कुठला न्हावी काळ्या माणसाला दारातून परत पाठवणार नाही, ह्याची ती यादी. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती ओळखली जाई. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो इथे चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या खाण्याच्या टेबलावर जाऊन बसले आणि उठले नाहीत. १९६४चा नागरी हक्क कायदा आला, आणि त्यानंतर काही वर्षांत ती मार्गदर्शिका बंद पडली. पँथरचे नाव आपण त्या देशाकडून १९७२ साली घेतले, ही वही मात्र घेतली नाही. आमची वही तोंडीच राहिली. परगावच्या स्टँडवर उतरल्यावर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेले हॉटेल शोधणारी नजर अजून माझ्यात आहे. १९७८च्या नामांतराच्या दंगलीनंतर तर मराठवाड्यात ती नजर जिवासाठी लागत होती. त्या तसबिरीखालचा चहा चांगला असतोच असे नाही. मी तो आनंदाने पितो.

ह्या मार्गदर्शिकेचा एक जुना मराठी अध्याय कोल्हापुरात आहे. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चारचौघांसमक्ष चहा प्यायले. हॉटेलाविषयीचा एवढा थोर अभिप्राय मराठीत दुसऱ्या कोणी दिल्याचे मला माहीत नाही, आणि त्यात चवीबद्दल चकार शब्द नाही.

दारूच्या ठिकाणांबद्दल एवढेच म्हणतो की परमिट रूममध्ये पेला कोणाचा हे कोणी विचारत नाही. ही समता सकाळी टिकत नाही, आणि तिच्यासाठी आमच्या पोरांनी मोजलेली किंमत आपण सगळे वस्तीत पाहतोच.

आता आपल्या स्वतःच्या साहित्याकडे वळतो, कारण दोष एकाच बाजूला नाही. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४) ह्या आत्मकथनांनी भूक मराठीत आणली. ‘अक्करमाशी’च्या सुरुवातीलाच शाळेची सहल आहे. सवर्ण मुलांचे डबे उघडतात, उरलेले आमच्या पोरांच्या वाट्याला येते, आणि घरी आई विचारते की माझ्यासाठी का नाही आणलेस. त्याच पुस्तकात चहाच्या दुकानातल्या वेगळ्या कपाविरुद्ध पोलिसांत तक्रारही आहे. हे मराठीतले खाद्यप्रवासाचे लेखनच आहे, फक्त ते त्या कपाटात कोणी लावत नाही. तरीही विचारावेसे वाटते, माझ्या मायच्या हाताची येसराची आमटी, अंबाडीची भाजी, माडगे ह्यांची चव आपण का लिहिली नाही? भूक लिहिताना चव लिहिली तर भूक खोटी वाटेल, अशी काही भीती होती काय? मांसाच्या बाबतीत कारण आणखी खोल आहे. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले, आणि लोकांनी ते स्वाभिमानाने सोडले. जे स्वाभिमानासाठी सोडले त्याची चव आठवणे म्हणजे मागे जाणे, असे आपल्याला वाटत आले.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) ह्या पुस्तकाचे मोल मला इथे दिसते. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते ते त्यांनी कृतीसह लिहिले. चान्या, वजरी, रक्ती हे शब्द त्यांनी लाज न बाळगता पाककृतीच्या मथळ्यावर घेतले. अन्नाला सात्त्विक-तामसाची उतरंड लावणाऱ्या ग्रंथांचाही समाचार घेतला. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) कितीतरी घरांना स्वयंपाक शिकवला. त्या ‘मराठी स्वयंपाका’त आम्ही नव्हतो हे पाटोळ्यांचे पुस्तक शेजारी ठेवल्यावर दिसते. भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला. माझी शंका ह्यापुढची आहे. शहरी रसिकाला आता ‘दलित जेवण’ ही आणखी एक चाखण्याची वस्तू सापडेल. वजरी महागड्या ताटात जाईल आणि ती धुऊन साफ करणारे हात वस्तीतच राहतील.

ही शंका उगाच नाही. नागपूरचे सावजी जेवण हे हलबा कोष्ट्यांचे, विणकरांचे. ते हॉटेलात आले तेव्हा त्या समाजाचे लोक गल्ल्यावर बसले, नाव घेऊन आले. ‘मराठा खानावळ’, ‘लिंगायत खानावळ’ ह्या पाट्या महाराष्ट्रभर आहेत, आणि आमचे खाद्यलेखक त्यांना परंपरा म्हणतात. मद्रासमध्ये पेरियारांनी १९५७ साली हॉटेलाच्या पाटीवरच्या ‘ब्राह्मण’ ह्या शब्दाविरुद्ध आंदोलन उभे केले होते, हे ह्या लेखकांच्या गावीही नसते. आमच्या जातीच्या नावाची खानावळ मी इतक्या वर्षांच्या प्रवासात पाहिली नाही. ‘घरगुती जेवण’ ही पाटी ठायी ठायी दिसते. कोणाचे घर, हे तिला विचारायचे नसते.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका कार्यक्रमाहून परतताना आम्ही चौघे रस्त्याकडेच्या ढाब्यावर थांबलो. ‘चुलीवरची भाकरी’ असा फलक होता. मागे शेतात तिकीट लावून हुरडा चालला होता. शिळ्या भाकरीवर आणि शेताच्या बांधावरच्या चार कणसांवर दिवस काढलेल्या माणसाला ह्या तिकिटाचे हसू येते. आमच्यातला एकजण खाद्यलेखन करतो. त्याने भाकरी मोडून पाहिली, पापुद्रा दाखवला, बाईंना भेटायचे म्हणून चुलीकडे गेला. मीही मागे गेलो. भाकऱ्या थापणारी बाई आमच्या वस्तीतली. तिने मला ओळखले, आणि लगेच परातीकडे पाहू लागली. मालक कौतुकाने सांगत होता, ‘मावशी आपल्याच समाजाच्या आहेत, घरच्यासारख्या.’ त्याचा समाज कुठला हे मला ठाऊक होते. तिने तिथे कुठले आडनाव सांगितले असेल ते मी विचारले नाही. मी अनोळखी माणसासारखा उभा राहिलो, भाकरी चांगली झाली म्हणालो आणि बाहेर आलो.

पुढे मित्राचा लेख छापून आला. लेख बरा होता. त्यात ढाब्याचे नाव होते, मालकाचे होते, ज्वारीच्या वाणाचेही होते. बाईंच्या हाताला मातीची चव आहे असे एक वाक्य होते. नाव विचारायचे राहून गेले, असे तो मला नंतर म्हणाला. मला ते माहीत आहे. ती अजून तिथे कामाला जाते, म्हणून मलाही ते इथे लिहिता येत नाही.