त्रिकोणाचा तिसरा कोन : दानी रॉड्रिक यांचा जागतिकीकरण-विचार

नव्वदनंतरच्या मराठी लेखनात जागतिकीकरण बहुधा पुरासारखे येते. ते गावात शिरते, घरे-शेते-नाती बदलून टाकते. पण ते कोणी आणले, कोणत्या करारांतून आले, हे आपण फारसे विचारत नाही. हा प्रश्न विचारायला मला दानी रॉड्रिक या अर्थशास्त्रज्ञाने शिकवले. त्यांच्याशी माझा मतभेद सुरू होतो तोही इथूनच.

रॉड्रिक यांचा जन्म १९५७चा, इस्तंबूलमधल्या सेफार्डी ज्यू कुटुंबातला. वडिलांचा बॉलपेनचा कारखाना होता. आयातीवरच्या भारी जकातीच्या आडोशाला तो वाढला आणि त्या कमाईवर मुलगा हार्वर्डला शिकायला गेला. पुढे प्रिन्स्टनला मुंबईत जन्मलेल्या अविनाश दीक्षितांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. मुक्त व्यापाराचे गणित ते असे मुख्य प्रवाहाच्या घरातच शिकले. १९९७ साली ‘हॅज ग्लोबलायझेशन गॉन टू फार?’ या पुस्तकात त्यांनी इशारा दिला, की भांडवलाला सहज देश ओलांडता येतो, सामान्य कामगाराला येत नाही. या तफावतीने समाजातला जुना समझोता उसवेल. हा इशारा घरातल्या माणसाचा होता.

त्यांच्या विचाराचे सार २०११च्या ‘द ग्लोबलायझेशन पॅराडॉक्स’मध्ये सापडते. अतिजागतिकीकरण, राष्ट्राची स्वायत्तता आणि लोकशाही, या तिन्ही गोष्टी पूर्णपणे एकत्र नांदू शकत नाहीत. एकीवर पाणी सोडावेच लागते. अर्जेंटिनाने पेसो डॉलरला बांधला. २००१ साली परदेशी धनकोंचा विश्वास टिकवण्यासाठी सरकारने नोकरांचे पगार आणि निवृत्तिवेतने कापली, लोकांच्या बँकेतल्या ठेवी गोठवल्या. माणसे रस्त्यावर उतरली आणि सरकार कोसळले. अशा वेळी आवर घालायचा तो जागतिकीकरणाला, असा रॉड्रिक यांचा कौल आहे.

राष्ट्र-राज्यावरचा हा भरवसा भारतावरच्या त्यांच्या निबंधातही दिसतो. अरविंद सुब्रमण्यन यांच्यासोबत त्यांनी मांडले, की आपल्या आर्थिक वाढीचे वळण १९९१च्या आधीचे, १९८०च्या सुमाराचे आहे आणि ते सरकारची उद्योगांकडे पाहण्याची नजर बदलल्यामुळे आले. १९९१ हाच उंबरठा मानणाऱ्या आपल्या समीक्षेनेही याची दखल घ्यावी.

पण बाजाराकडून परत मिळवलेली सत्ता नेमकी कोणाच्या हाती जाते? त्रिकोणात याचे उत्तर मला मिळत नाही. तिथे लोकशाही हा नुसता एक बिंदू आहे. त्या बिंदूच्या आत काय असते, हे रॉड्रिक यांना घरीच पाहावे लागले. त्यांचे सासरे, निवृत्त जनरल चेतिन दोआन, यांच्यावर २००३ साली लष्करी उठावाचा कट रचल्याचा आरोप आला. रॉड्रिक आणि त्यांच्या पत्नी पिनार दोआन यांनी कागदपत्रे बारकाईने तपासली. २००३च्या म्हणवल्या जाणाऱ्या मजकुरात २००७च्या ऑफिस संगणकप्रणालीच्या खुणा निघाल्या. तरीही २०१२ साली शिक्षा झाली. फेरखटल्यात आरोपी निर्दोष सुटायला २०१५ उजाडले. हे सारे घडले ते निवडून आलेल्या सरकारच्या राजवटीत.

त्यानंतर शरुण मुकंद यांच्यासह लिहिलेल्या उदारमतवादी लोकशाहीवरच्या निबंधात त्यांनी त्या बिंदूची फोड केली. मालमत्तेच्या हक्कामागे श्रीमंतांचे बळ असते, मताच्या हक्कामागे बहुसंख्यांचे. नागरी हक्कांची सर्वांत जास्त गरज असते ती अल्पसंख्याकांना, आणि त्यांच्याकडे ना पैसा असतो, ना संख्या. म्हणून निवडणुका टिकतात, पण न्याय दुर्मीळ होतो.

मला हा निबंध त्रिकोणापेक्षा मोलाचा वाटतो. मात्र त्याचा निष्कर्ष त्रिकोणाकडे परत न्यायला हवा. जागतिकीकरणाला लगाम घालावा हे मला पटते. पण ज्या राज्याच्या हाती तो लगाम द्यायचा, तिथे एकट्या माणसाची बाजू ऐकून घेतली जाते का, हे आधी पाहिले पाहिजे. नाहीतर पूर ओसरेल आणि बुडालेली माणसे तिथेच राहतील.