तीनशे फुटांचा घोट

मराठवाड्यात 'एस्प्रेसो' हा शब्द कॅफेतून आला नाही, लग्नातून आला. नांदेडचं कार्यालय असो की लातूरच्या औसा रोडवरचं लॉन, रिसेप्शनच्या मांडवात पाणीपुरीच्या शेजारी एक चकचकीत स्टीलचं यंत्र उभं असतं. खाली गॅस, वर दाबाचा काटा, बाजूला वाफेची नळी. कपात साखरेबरोबर फेटून ठेवलेली इन्स्टंट कॉफी असते. काउंटरवरचा माणूस दुधाच्या जगात नळी बुडवतो, फुर्रर्र असा आवाज अख्ख्या मांडवात जातो, फेसाळ दूध कपात पडतं आणि वर चिमूटभर चॉकलेट पावडर. पाटीवर लिहिलेलं असतं 'एक्स्प्रेसो कॉफी'. थंडीच्या लग्नात जेवणापेक्षा मोठी रांग या काउंटरला असते.

मग हीच रांगेतली मुलं बारावी करून, इंजिनिअरिंग करून पुण्यात येतात. ऑफिसजवळच्या कॅफेत मेन्यूकार्डावर ओळखीचा शब्द दिसतो, आणि तोही यादीत सगळ्यात स्वस्त. ऑर्डर जाते. समोर येतो तो बोळक्याएवढा कप, तळाला दोन घोट काळं कडू पाणी. दूध नाही, साखर वेगळी. हा किस्सा मी लातूर-नांदेडच्या इतक्या जणांकडून ऐकलाय की तो आता विनोद म्हणूनच फिरतो. विनोदात हसं मात्र दर वेळी गावाकडून आलेल्या पोराचं होतं. 'याला एस्प्रेसोच माहीत नाही' म्हणणारा स्वतः तो शब्द कितपत जाणतो, हे कुणी विचारत नाही.

मला ते विचारायचंय. कारण आता हाच शब्द घरगुती मशीनच्या खोक्यावर बसून लातूर-नांदेडच्या स्वयंपाकघरातही येतोय, आणि खोक्यावर जे लिहिलंय ते लग्नातल्या पाटीपेक्षा जास्त खरं आहे असं मला वाटत नाही.

वाफ कशातून जाते

आधी इतिहास, थोडक्यात. १८८४ साली इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी त्यात सुधारणा केली. एकेका गिऱ्हाइकासाठी कप तिथल्या तिथे काढून देणारं यंत्र. पुढे देसिदेरिओ पावोनी यांनी ते विकायला काढलं. या यंत्रांत मोठा बॉयलर होता आणि त्यातल्या वाफेच्या जोरावर गरम पाणी कॉफीच्या पुडीतून ढकललं जायचं. दाब जेमतेम दीड बार. म्हणजे एस्प्रेसोची पहिली काही दशकं खुद्द इटलीतही वाफेचीच होती. त्या कॉफीवर आज दिसतो तसा सोनेरी थर नव्हता.

तो थर आणला आकिले गाज्जा यांनी. १९३८ मध्ये त्यांनी पहिलं पेटंट मागितलं आणि युद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, दांडा ओढून चालवायचं यंत्र बाजारात आलं. स्प्रिंग आणि पिस्टनमुळे दाब आठ-नऊ बारवर गेला. आपलं यंत्र वाफेशिवाय चालतं, हीच गाज्जांची जाहिरात होती. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ यंत्राने पिस्टनच्या जागी विजेचा पंप बसवला, आणि आजचा एस्प्रेसो जवळपास तिथेच ठरला.

हे वाचल्यावर लग्नातलं यंत्र वेगळं दिसायला लागतं. ते एस्प्रेसोच्या जुन्या यंत्राचंच लांबचं नातेवाईक आहे. बॉयलर तोच, वाफ तीच, काटाही तोच. फरक एका जागी आहे, पण तोच सगळा फरक आहे. इटलीत दाब कॉफीच्या पुडीतून जात होता. आपल्याकडे तो फक्त दुधातून जातो. कॉफीला दाबाचा स्पर्शही होत नाही. ती कारखान्यात आधीच उकळून, वाळवून, बाटलीत भरून आलेली असते. आपण यंत्र घेतलं, आवाज घेतला, फेस घेतला आणि ज्याच्यासाठी हे सगळं होतं ती कृती वगळली.

तरीही लग्नातली कॉफी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शंभर माणसांच्या रांगेला दोन मिनिटांत गरम, गोड, फेसाळ काहीतरी हातात देणं हे तिचं काम आहे आणि ते ती चोख करते. फक्त पाटीवरचं नाव दुसऱ्या पेयाचं आहे.

बोअरएवढा दाब

मग ते दुसरं पेय काय आहे? एस्प्रेसो ही वेगळ्या जातीची बी नाही, वेगळी भाजणी नाही आणि 'स्ट्राँग कॉफी'चं इटालियन नावही नाही. ती काढायची एक पद्धत आहे. इटलीतल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेचं माप असं: ७ ग्रॅम पूड, ८८ अंशांच्या आसपासचं पाणी, ९ बार दाब, २५ सेकंद, आणि कपात २५ मिलिलिटर. हल्लीच्या कॅफेत १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी काढतात, पाणीही थोडं जास्त गरम ठेवतात. पण दाब आणि वेळ जवळपास तेच.

नऊ बार म्हणजे किती, हे लातूरच्या माणसाला समजवायला सोपं आहे. दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण एक बार. म्हणजे नऊ बार म्हणजे नव्वद मीटर, फुटांत तीनशे. तीनशे फूट बोअरच्या तळातून पाणी वर आणायला मोटारीला जेवढा जोर लावावा लागतो, तेवढा जोर बोटभर जाडीच्या कॉफीच्या चकतीवर पडतो. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब साधारण एक बार असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन.

साध्या कॉफीत यातलं काही नसतं. स्टीलच्या दोन डब्यांच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पाणी स्वतःच्या वजनाने पुडीतून झिरपतं, वेळ लागतो, पूड थोडी जाडसर चालते. एस्प्रेसोत पूड मैद्यापेक्षा जरा रवाळ, पाणी जोरात, वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत. त्या दाबाखाली कॉफीतली तेलं बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात मिसळतात, भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, आणि दोन्ही मिळून वरचा तो तपकिरी थर तयार होतो. त्याला क्रेमा म्हणतात. ड्रिप कॉफीत विरघळलेला अंश सव्वा-दीड टक्का असतो, एस्प्रेसोत आठ ते बारा. म्हणून घोट जाड लागतो आणि जिभेवर रेंगाळतो. माझ्या नांदेडच्या मामीने एक घोट घेऊन सांगितलं, "हा तर काढाच की रे." चवीचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या रीलमध्ये ऐकलं नाही.

इथे एक गैरसमज काढायला हवा, विशेषतः लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत रात्रभर जागणाऱ्यांसाठी. एस्प्रेसो दाट असते, म्हणून तिच्यात कॅफिन जास्त, असं नाही. ३० मिलिलिटरच्या एका शॉटमध्ये साधारण ६०-६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. मोठा मगभर, म्हणजे २४० मिलिलिटर, ड्रिप कॉफीत ९५ च्या आसपास. जागायचंच असेल तर मग पुरे आहे, मशीनची गरज नाही.

खोक्यावरचा मजकूर

आता घरी करायचं म्हटलं की पहिली भेट मशीनच्या खोक्याशी होते. त्यावर ठळक अक्षरात '१५ बार' किंवा '२० बार'. वाचणाऱ्याला वाटतं, नऊ लागतात आणि हे वीस देतंय, म्हणजे दुप्पट चांगलं. हा आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब तयार करू शकतो त्याचा आहे. कॉफीवर पडणारा दाब ठरतो तो पूड पाण्याला किती अडवते यावर. पूड जाड असेल तर पाणी सुळकन निघून जातं आणि वीस बारचा पंप दोन बारसुद्धा उभे करू शकत नाही. चांगल्या मशीनमध्ये तर दाब नऊच्या आसपास रोखणारा व्हॉल्व्ह मुद्दाम बसवतात. म्हणजे खोक्यावर मिरवलेला आकडा कपापर्यंत येऊच नये अशी सोय आतच असते.

दुसरी गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. स्वस्त मशीनच्या गाळणीला बहुतेक वेळा दोन तळ असतात. वरच्या तळाला खूप भोकं, खालच्याला सुईएवढं एकच. कॉफी त्या एका भोकातून फवाऱ्यासारखी बाहेर पडते आणि हवेशी घुसळून फेस होतो. पूड शिळी असो, जाड असो, फेस येतोच. दिसायला क्रेमा, पण तो भोकाने केलेला, कॉफीने नव्हे. मला यात लग्नातलं यंत्रच दिसतं. तिथे फेस दुधाचा होता, इथे भोकाचा. फरक इतकाच की तिथे कॉफी आहेरात मिळायची, इथे काही हजार रुपये मोजावे लागतात, आणि लग्नातल्या फेसाला हसणारे याच फेसाचे फोटो टाकतात.

नवशिक्याने अशी गाळणी वापरू नये असं नाही, तिने दुधाची कॉफी बरी होते. पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं. 'घरबसल्या कॅफेसारखी एस्प्रेसो' हे वाक्य छापताना ग्राइंडरचा उल्लेख गाळणं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी लबाडी आहे. कारण एस्प्रेसोचं नशीब मशीनपेक्षा ग्राइंडर ठरवतो.

का, ते आपल्या शेतात दिसतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अशा वाफ्यात पाणी सोडलं की ते सगळीकडे पसरत नाही, भेग धरतं आणि तिथूनच निघून जातं. अर्धा वाफा कोरडा, अर्ध्यात चिखल. एस्प्रेसोच्या चकतीत हेच होतं. मिक्सरच्या पात्याने केलेल्या पुडीत धूळही असते आणि कणीही. नऊ बारचं पाणी सैल जागा शोधतं, तिथली कॉफी पिळून कडू होते आणि बाकीची जवळपास न भिजता राहते. एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागलं की समजावं, भेग पडली. उपाय म्हणजे बियांचे एकसारखे कण करणारा बर ग्राइंडर (हाताने फिरवायचाही चालतो), पूड सपाट पसरणं आणि सरळ दाबणं. मग वजनकाटा आणि घड्याळ. ३६ ग्रॅम पंधरा सेकंदांत आलं तर पूड बारीक करा, पंचेचाळीस लागले तर जाड. बाकी सगळं नंतर.

पाणी

इंग्रजी व्हिडिओंत जो भाग मिनिटभरात उरकतात, तो आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे. कपात नव्वद टक्के पाणीच असतं, आणि पाण्याबद्दल लातूरला कुणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरमधून पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. तेव्हापासून घराघरात पाण्याची प्रतवारी पक्की झालीय: नळाचं, बोअरचं, जारचं.

बोअरचं पाणी बहुधा क्षारांचं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच मशीनच्या आत बसतो आणि बारीक नळ्या बुजवतो. शिवाय असं पाणी कॉफीतला आंबटपणा मारून टाकतं, चव खडूसारखी होते. जारचं किंवा आरओचं पाणी उलट टोकाचं. त्यात क्षार इतके कमी की कॉफी पोकळ, नुसती टोचणारी लागते. आरओ बसवणारा माणूस मीटर बुडवून टीडीएसचा आकडा दाखवतो ना, तो कॉफीसाठी दीडशेच्या आसपास चांगला मानतात. मी घरी आरओच्या पाण्यात थोडं उकळून गाळलेलं नळाचं पाणी मिसळतो, तेवढ्याने फरक पडतो. टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे, हे लक्षात ठेवून हा फक्त अंदाज समजा.

आणि हिशेब पाण्याचा आहे तसा नासाडीचाही. पूड जमेपर्यंत पाच-सहा शॉट मोरीत जातात, मशीन रोज धुवावं लागतं. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात मे महिन्यात हा छंद सुरू करण्याआधी विचार करावा. या अडचणीचा उल्लेख कुठल्याच खोक्यावर नसतो, कारण खोकं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लातूर नसतं.

मग घ्यावं की नाही

तुम्हाला दुधाची कॉफी आवडत असेल, आणि आपल्यातल्या बहुतेकांना तीच आवडते, तर फिल्टर किंवा मोका पॉट घ्या. मोकात दाब दीड बारच्या आसपास असतो, म्हणजे ती एस्प्रेसो नव्हे. पण दूध-साखरेत घट्ट उतरते, वीज लागत नाही आणि बिघडायला काही नसतं. उरलेले पैसे ताज्या बियांवर घाला, पाकिटावर भाजल्याची तारीख बघून. चिकमंगळूर, कोडगूची कॉफी आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर पिकते. तिचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक इटली आहे, आणि आपला रोबस्टा तिकडच्या एस्प्रेसो मिश्रणांत जातो, कारण त्याने क्रेमा दाट येतो. ज्या शब्दावरून लातूरच्या पोराला हसतात, त्या शब्दातला काही माल शेजारच्या राज्यातला असतो.

तो दोन घोटांचा काढा तसाच, बिनदुधाचा प्यायला आवडत असेल तर मात्र मशीन घ्या. आधी ग्राइंडर, मग मशीन, एका तळाची गाळणी, आणि पाण्याची सोय. विकत घेण्याआधी दुकानात एक चाचणी करा. शॉट काढायला सांगा, वरचा फेस चमच्याने बाजूला काढा आणि खाली उरलेलं साखर न घालता प्या. ते आवडलं तर तुम्हाला एस्प्रेसो हवी आहे. नाही आवडलं तर तुम्हाला फेस हवा आहे. तो मागण्यात कमीपणा काही नाही, फक्त तो खूप स्वस्तात मिळतो.