सेमिनार आणि पंगत

विद्यापीठातल्या कुठल्याही विभागाच्या सेमिनारची पत्रिका बघा. उद्घाटन, बीजभाषण, शोधनिबंध, आभार. मध्येच एक ओळ: 'भोजन, १ ते २'. या तासाभरात कोण कोणाशेजारी बसलं, आडनाव ऐकल्यावर कोणाचा सूर बदलला, हे अहवालात येत नाही. इतर विभागांचं ठीक आहे. मानवशास्त्र विभागाला मात्र हा तास सोडून चालत नाही. माणसं कोणासोबत जेवतात, हा तर त्यांचा अभ्यासाचाच विषय.

म्हणून इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख मला वारीइतकाच विद्यापीठाबद्दलचाही वाटतो. इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. दिंडीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या, तेव्हा त्यांना दिसलं की भजन-कीर्तन सगळ्यांचं एक, पण एकाच दिंडीत ब्राह्मणांचं जेवण वेगळं आणि मराठ्यांचं वेगळं. भजन म्हणजे आपला सेमिनार. तिथे समतेवर एकमत व्हायला वेळ लागत नाही. अडतं ते पंगतीपाशी.

बाई मराठा बायकांसोबत जेवल्या आणि त्या बायका मोकळ्या झाल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असंही म्हणू लागल्या. तेव्हा एका तरुण मुलीनं विचारलं, की तिथेही आमच्याशी असंच वागाल का? बाईंना हा प्रश्न फार लागला.

याआधी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करताना त्यांनी कवट्या मोजल्या होत्या. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध लागत नाही, असा मार्गदर्शकाला न रुचणारा निष्कर्ष त्यांनी मांडला होता. त्यालाही धाडस लागलंच, पण तेव्हा हाताशी मोजमापं होती. या मुलीपुढे मोजपट्टीचा काही उपयोग नव्हता. बाईंनी सारवासारव न करता प्रश्न तसाच लिहून ठेवला, ही या लेखाची ताकद.

माझी तक्रार पुढे सुरू होते. प्रश्न मुलीचा, पण लेखात आपल्याला दुःख दिसतं ते बाईंचं. मुलगी एका प्रश्नापुरती येते आणि गर्दीत मिसळून जाते. फील्डवर्कच्या कितीतरी लेखनात आजही हेच होतं. अभ्यासक हळवा होतो, आपण त्याचं कौतुक करतो आणि ज्यानं विचारलं तो मागे राहतो.

भूमसारख्या गावातून पुण्यात शिकायला आलेल्यांना हा प्रश्न त्या मुलीच्या बाजूनं कळतो. गावात पाहुणा आला की चहा होतो, कुंथलगिरीचा पेढा समोर येतो. हाच पाहुणा पुढे कॅम्पसवर भेटला, तर ओळख देईल का? माझ्या धंद्यात टेस्टिंगला चाललेला कोड प्रॉडक्शनवर चालेलच याची खात्री नसते. वारी हे टेस्टिंग होतं. मुलगी प्रॉडक्शनबद्दल विचारत होती.

तेव्हा विभागांनी एक करून बघावं. ज्या गावावर निबंध वाचला जाणार आहे, त्या गावातल्या चार माणसांना सेमिनारला बोलवावं. सत्कार नको, मंचावर खुर्ची नको. १ ते २ या वेळेत त्यांच्यासोबत एका टेबलावर जेवावं. निबंधाबद्दल त्यांना काय वाटलं, हे तिथेच विचारावं आणि ते अहवालात लिहावं.