चिंगम, सिंघम आणि विडंबनाचा हेल

केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ वाचून हसायचे, तर त्या काळच्या कवितेची ढब आधी ठाऊक असावी लागते. मूळ माहीत नसेल तर विडंबन कळत नाही, हा नियम मी वर्षानुवर्षे गृहीत धरून चाललो होतो. निलंग्यात बहिणीच्या सात वर्षांच्या नातवाशेजारी बसून ‘मोटू पतलू’ पाहताना त्याविषयी पहिली शंका आली.

‘लोटपोट’मधल्या जुन्या चित्रकथेवरून घेतलेली ही हिंदी ॲनिमेशन मालिका २०१२ साली निकलोडियनवर सुरू झाली. तिच्यातला इन्स्पेक्टर चिंगम हे उघड विडंबन आहे. नाव ‘सिंघम’शी जुळणारे, ऐट दाक्षिणात्य नायकाची, हिंदी तमिळ हेलाची. हवेत गोळी झाडावी आणि नारळ स्वतःच्याच डोक्यात पडावा, ही त्याची ठरलेली फजिती.

वंशावळ पाहण्यासारखी आहे. २०१० मधल्या तमिळ ‘सिंगम’चा नायक दुराईसिंगम. रोहित शेट्टी यांनी २०११ मध्ये तो हिंदीत आणला, तेव्हा त्याचा मराठी बाजीराव सिंघम झाला. त्याचा रागही मराठीतच फुटतो. चिंगमने पुन्हा तमिळ हेल धरला. हे ठरवून झाले असो वा नकळत, मराठी मुलामा उतरवून नक्कल माहेरी पोचली.

२०१८ मध्ये डिस्कव्हरी किड्सवर ‘लिटिल सिंघम’ आला. संदर्भ तोच, पण हा पोरसवदा नायक जिंकण्यासाठीच जन्मलेला. इथे मूळ चित्रपटाची टिंगल नाही, त्याचा पुढचा प्रेक्षक तयार करणे आहे. संदर्भ दोन्हीकडे आहे, विडंबन चिंगमपाशीच.

एकदा अजय देवगणचा चित्रपट लागला, तेव्हा पोराने विचारले, “आबा, ह्यो लिटिल सिंघम मोठा झाला का?” त्याच्या लेखी मूळ हीच नक्कल होती. तरी चिंगमवर तो हसत होताच. कारण त्या विनोदाला दुसरा आधार आहे : अधिकाराचा डौल आणि त्याची फजिती. तमाशातला सोंगाड्या राजा-प्रधानाची उडवतो, तेव्हा खरा राजा पाहिलेला नसला तरी अडत नाही. मोटू, पतलू, चिंगम यांना सौरव चक्रवर्ती या एकाच कलावंताने आवाज दिला, हेही सोंगाड्याच्याच जातकुळीतले.

आक्षेप मात्र उरतो. डॉ. झटकाचा हेल पंजाबी, घसीटारामचा बंगाली, चिंगमचा तमिळ. १९५६ पर्यंत आमचे निलंगे बिदर जिल्ह्यात होते. आमच्या मराठीत कन्नड आहे, दखनी आहे. या बोलण्यावर मोठ्या शहरांत पिकलेला हशा मी कानांनी ऐकला आहे. पोरगा चिंगमची नक्कल करतो तेव्हा नारळ गळून जातो, फक्त हेल उरतो. फौजदाराचा तोरा सुटला आणि तमिळ माणूस तेवढा हाती लागला.

म्हणून विडंबनाचा माझा नियम मी दुरुस्त करतो. मूळ ठाऊक नसले तरी विडंबन हसवू शकते. पण कोणाच्या तोऱ्यावर हसायचे आहे हे कळले नाही, तर ते बोलीची टवाळी होऊन बसते. त्या पोराला मी एवढेच विचारले, “आपल्यावाणी बोलणारा फौजदार असता, तर तू हसला असतास का?” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “नारळ पडला असता तर हसलो असतो.”

समीक्षेला याहून नेमका निकष मला अजून सापडलेला नाही.