मिश्रभाषांची परिषद आणि मराठीचें कुळ

भाषेच्या शुद्धतेविषयीं आपल्याकडे जितका खल झाला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या वाङ्मयीन प्रश्नाचा झाला असेल. १९२५ सालीं फारशी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव ज्यूलियन १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहितात, यावरूनच या प्रश्नाचा जिव्हाळा ध्यानांत यावा. याच वादाकडे निराळ्या दिशेनें पाहावयास लावणारा एक ग्रंथ म्हणजे एप्रिल १९६८ मध्यें जमैका बेटावर मोना येथें, वेस्ट इंडीज विद्यापीठांत भरलेल्या परिषदेचा निबंधसंग्रह. डेल हाइम्स यांनीं संपादिलेला हा संग्रह १९७१ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केला. इतक्या दूरच्या परिषदेची दखल मराठी वाचकानें घ्यावी याचें कारण असें कीं, त्यांतील दोन निबंध थेट महाराष्ट्राविषयीं आहेत.

परिषदेचा विषय होता ‘पिजिन’ आणि ‘क्रिओल’ या भाषांची उत्पत्ति. परस्परांची भाषा न जाणणारे लोक व्यापारासाठीं किंवा चाकरीसाठीं एकत्र आले म्हणजे कामापुरती जी तोकडी बोली तयार होते ती पिजिन; तीच पुढील पिढीची मातृभाषा होऊन सर्वांगांनीं वाढली म्हणजे क्रिओल. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची जमैकन बोली ही क्रिओलच होय. तिला मोडकी इंग्रजी म्हणून हिणविण्याची चाल होती. परंतु तिलाहि स्वतःचें रीतसर व्याकरण आहे, हें बेरिल बेली या जमैकन विदुषीनें १९६६ सालींच ग्रंथद्वारां दाखवून दिलें होतें.

फ्रँक्लिन साउथवर्थ यांचा निबंध मराठीच्या उगमाविषयीं आहे. मराठीचें कुळ आर्यभाषांचें, पण तिच्या रचनेंत द्राविडी वळणें आढळतात. उदाहरणार्थ, ऐकणाऱ्यास वगळणारें ‘आम्ही’ आणि त्यास सामावून घेणारें ‘आपण’ हा भेद प्रमाण हिंदींत नाहीं. तेलुगु-तमिळांत मात्र आहे. आर्यभाषी आणि द्राविडभाषी यांच्या व्यवहारांतून एखादी मिश्रबोली जन्मून तिचा मराठीच्या घडणींत वांटा असावा काय, ही शक्यता साउथवर्थ तपासतात. प्रश्न धीट आहे, आणि कुलाभिमानानें त्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं.

परंतु या शक्यतेस मर्यादा घालणारा पुरावा आम्हांस याच संग्रहांतील दुसऱ्या निबंधांत दिसतो. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनीं सांगली जिल्ह्यांतील, ‘कुपवार’ या नांवानें उल्लेखिलेल्या, सुमारें तीन हजार वस्तीच्या गांवाची पाहणी केली. तेथें जैन व लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, आणि इतर घरांतून मराठी वा तेलुगु बोलली जाई. दीर्घकाळच्या शेजारानें या भाषांचे शब्द निराळे राहिले, पण वाक्यांचा सांचा जवळजवळ एक झाला. प्रमाण कानडींत ‘हें घर तुमचें’ एवढ्यानेंच वाक्य पुरें होतें. कुपवारची कानडी मराठीप्रमाणें शेवटीं ‘आहे’ची जोड देते. उलट तेथील उर्दूनें निर्जीव वस्तूंचा लिंगभेद सोडून कानडीची वाट धरली. येथें कोणाची भाषा हिरावली गेली नाहीं, तोकडी बोलीहि जन्मली नाहीं, तरी व्याकरण बदललें. मग मराठीचीं द्राविडी वळणें समजण्यास पिढ्यान् पिढ्यांचें द्विभाषिकत्व पुरेसें कां मानूं नये? केवळ भाषेच्या रूपांवरून हा निकाल लागणार नाहीं. त्यास समाजाच्या इतिहासाची साक्ष पाहिजे.

मात्र कुपवारच्या चित्राचीहि भुरळ पडूं देऊं नये. इतकें मिश्रण होऊनहि भाषा वेगळ्या कां राहिल्या? लेखकद्वय सांगतें कीं, घरची भाषा ही ज्याच्या त्याच्या समाजाची खूण होती. चावडीवर वाक्यें एका सांच्यांत पडलीं; उंबरे वेगळेच राहिले. भाषामिश्रणास समाजैक्याचा पुरावा मानणारांनीं हें विसरूं नये.

आपल्या घरांतून आणि शाळांतून सीमेवरच्या वा शिवारांतल्या मुलाचें बोलणें ‘अशुद्ध’ ठरतें. प्रमाण मराठी त्यास शिकवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती त्याच्या उत्कर्षासाठीं अवश्य आहे. परंतु त्याचें बोलणें नियमहीन नसून त्याचा नियम निराळा आहे, एवढें जरी या संग्रहावरून शिक्षकांच्या व पालकांच्या ध्यानांत आलें, तरी त्या मुलाचा एक अपमान टळेल.