चमत्काराची अट

जुन्नर तालुक्यांत आळे म्हणून गांव आहे. ज्ञानदेवांनीं ज्या रेड्याच्या मुखीं वेद वदविले अशी कथा आहे, त्याची समाधि तेथें दाखवितात. ही कथा आपण लहानपणापासून इतक्या वेळां ऐकली आहे कीं, तिच्यांतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाहीं. पैठणच्या पंडितांनीं त्या भावंडांच्या ज्ञानाची साधी परीक्षा घेतली असती, तर काम भागलें असतें. परंतु चमत्कार पाहिल्याखेरीज त्यांचें समाधान होईना. समाजानें ज्याला एकदां उंबरठ्याबाहेर ठेवलें, त्याला आंत येण्यासाठीं इतरांहून कांहीं अचाट करून दाखवावें लागतें. हिला मी चमत्काराची अट म्हणतों. अपंग माणसांविषयींचें आपलें बरेचसें वाङ्मय आणि त्यांना काम देण्याविषयींची आपली वृत्ति, हीं दोन्ही याच अटीनें बांधलेलीं आहेत, असें प्रस्तुत लेखकाला वाटतें.

आपल्या कथांतील अपंग पात्रें आठवून पाहावीं. मंथरेचें कुबड हें तिच्या मनाच्या वांकडेपणाचें चिन्ह ठरलें. धृतराष्ट्राचें अंधत्व हें पुत्रमोहाचें रूपक झालें. येथें व्यंगाला अर्थ आहे, पण व्यंग असलेल्या माणसाला दिवसभराचा उद्योग नाहीं. दुसऱ्या टोंकाला गोरोबाकाका. त्यांचे गेलेले हात कीर्तनांत परत येतात आणि श्रोत्यांचा जीव भांड्यांत पडतो. हात परत आले म्हणूनच कथा पुरी झाली, असें आपणांस वाटतें. अर्वाचीन काळांतही ही आवड सुटलेली नाहीं. पायानें चित्र काढणारा, एका पायावर डोंगर चढणारा यांचीं चरित्रें आपण मुलांच्या हातीं देतों. तीं वाईट आहेत असें नाहीं. पण नऊ ते पांच कारकुनी नीट करणारा आंधळा मनुष्य त्यांत सांपडत नाहीं. गेल्या दशकांत रूढ झालेला ‘दिव्यांग’ हा शब्दही मला याच कुळांतला वाटतो. ‘अपंग’ या शब्दांतील उणेपणा टाळण्याचा त्याचा हेतु चांगला आहे. परंतु उणेपणा काढून त्यानें त्या जागीं दिव्यत्व बसविलें. साधा मनुष्य मात्र दोन्ही शब्दांच्या मधल्या फटींत राहिला.

इंग्रजी वाङ्मय शिकवितांना मिल्टनच्या अंधत्वाविषयीं वर्गांत पुष्कळ बोललें जातें. डोळे गेल्यावर त्यानें महाकाव्य रचलें, हा तो नेहमींचा चमत्कार. याच चरित्रांतील एक रूक्ष गोष्ट मात्र टिपणांत येत नाहीं. १६४९ मध्यें इंग्लंडच्या राज्यमंडळानें मिल्टनला परराष्ट्रीय पत्रव्यवहाराचा चिटणीस नेमलें. १६५२ च्या सुमारास तो पूर्ण अंध झाला. त्याला काढून टाकण्यांत आलें नाहीं. मदतनीस देण्यांत आले, आणि १६५७ मध्यें कवि मार्व्हेल त्यांपैकीं एक झाला. मिल्टनच्या धन्यानें त्याच्यापाशीं महाकाव्य मागितलें नव्हतें, पत्रें मागितलीं होतीं. आणि तीं मिळावींत म्हणून लागेल ती सोय केली होती.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्यानें हीच गोष्ट नियमांत आणली आहे. सरकारी आस्थापनांत ४ टक्के जागा राखलेल्या आहेत; नोकरींत असतां अपंगत्व आलेल्या सरकारी सेवकास तेवढ्या कारणानें काढतां येत नाहीं. खाजगी धन्यावर अशी टक्केवारीची सक्ति नाहीं. त्याच्या नोकरवर्गांत निदान ५ टक्के अपंग असावेत म्हणून उत्तेजनाची तरतूद मात्र आहे. आणि धन्यानें कामाच्या जागीं ‘वाजवी सोय’ करावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. या दोन शब्दांना वाङ्मयीन सौंदर्य नाहीं. पण कित्येक गौरवपर भाषणांहून त्यांत अधिक माणुसकी आहे.

मराठींत या दृष्टीचें जें पुस्तक मला प्रथम आठवतें, तें नसीमा हुरजूक यांचें ‘चाकाची खुर्ची’. ऐन उमेदींत लेखिकेचें कमरेखालचें शरीर निकामी झालें. पुढें त्यांनीं केंद्रीय अबकारी खात्यांत नोकरी केली आणि १९८४ मध्यें कोल्हापुरांत अपंगांसाठीं संस्था उभारली. पुस्तकाच्या नांवांतच त्याचा विशेष दिसतो. तेथें दैव नाहीं, जिद्द नाहीं, पंख नाहींत. एक साधन आहे, आणि त्याला चाकें आहेत. साधन मिळालें कीं मनुष्य कामाला लागतो, हा त्याचा सरळ अर्थ.

आतां थोडें घरचें सांगतों. माझ्या एका विद्यार्थ्याचा उजवा हात कडबाकुट्टींत गेला. डाव्या हातानें लिहिण्याचा सराव करून तो वाणिज्याचा पदवीधर झाला. आमच्याच भागांतील एका संस्थेंत त्यानें कारकुनासाठीं अर्ज केला. “एका हातानें कसें जमणार?” असें विचारण्यांत आलें, जमतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कागद मात्र कोणीं पुढें केला नाहीं. पुढें ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनीं, त्याच संस्थेनें शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. त्या व्यासपीठावर मीही होतों आणि मीं टाळ्या वाजविल्या. शाल त्याच्या एकाच बाजूनें घसरत होती, एवढें मला आजही दिसतें.

आज तो नारायणगांवच्या टोमॅटो बाजारांत एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. क्रेट मोजले जातात, भाव पुकारले जातात, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या त्याच्या हातून निघतात. मीं व्यापाऱ्याला विचारलें, याच्यासाठीं तुम्हांला काय करावें लागलें? त्यानें वहीवर ठेवलेलें तराजूचें एक किलोचें वजन दाखविलें. लिहितांना वही सरकूं नये, म्हणून तें ठेवलें होतें. वाजवी सोय म्हणतात ती एवढीच.

जुन्नर-आंबेगांवांत साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, दूध डेअऱ्या आहेत, बाजार समित्या आहेत. हीं सर्व चालविणारी मंडळी वारकरी परंपरेंत वाढलेली आहेत. त्यांना मी त्याच परंपरेंतील कूर्मदासांची कथा पुन्हा वाचावयास सांगेन. हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून सरपटत पंढरीला निघाले आणि लऊळपर्यंत आल्यावर त्यांची शक्ति संपली. या कथेंत त्यांना हातपाय फुटले नाहींत. विठ्ठलच लऊळला चालत आला. भक्ताची भक्ति त्यानें पुरी मानली आणि उरलेलें अंतर आपलें मानलें. धन्यांनीं देव व्हावें असें माझें म्हणणें नाहीं. उमेदवारानें आपलें अंतर तोडलेलें असतें. उरलेलें एका किलोच्या वजनाएवढें तरी त्यांनीं चालून यावें.