कोरियन कथेतील संबोधने आणि मराठी रसिक

माटुंग्याला परभाषिक कलेचे अप्रूप नाही. तंजावरकडील नट्टुवनार घराण्याने येथे श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिराची स्थापना 1945 साली केली. षण्मुखानंद सभा 1952 साली स्थापन झाली. सभेचे भव्य सभागृह 1963 साली उभे राहिले, 1990 च्या आगीनंतर काही वर्षे बंद होते आणि 1998 साली पुन्हा खुले झाले. त्या सभागृहात त्यागराजांच्या कृती चालू असताना श्रोतृवर्गाकडे पाहावे. श्रोते बहुतांशी तमिळभाषक, कृती तेलुगू. त्या श्रोत्यांपैकी अनेकांना तेलुगू बोलता येत नाही. पण शब्दार्थ हाती द्या, अशी मागणी कोणी करीत नाही. मांडीवर ताल धरलेला हात चुकत नाही आणि निरवल कोणत्या शब्दावर येणार हे गायकाच्या आधी श्रोत्यास ठाऊक असते. त्यांच्यात बसलेला एखादा मराठी श्रोता आणखी एका पायरीने दूर असतो, तरी तोही रिक्त मनाने परतत नाही. तेव्हा 'भाषा कळत नाही, म्हणून रसास्वाद नाही' हे विधान निदान संगीतापुरते टिकत नाही.

आज याच परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कानांत कोरियन गाणी असतात आणि रात्री त्यांच्या लहानशा पडद्यावर कोरियन कथामालिका चालू असतात. गाण्यांच्या बाबतीत सभागृहाचाच न्याय लागू पडतो. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. प्रश्न कथेचा आहे. कथा शब्दांत राहते, आणि आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत ती पोचते ती बहुधा पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या इंग्रजी ओळींतून. कोरियन पात्र बोलते, इंग्रजी सांगते आणि मराठी मन ऐकते. या तीन टप्प्यांच्या प्रवासात काय गळते, आणि जे गळते ते खरोखरच गळणे अपरिहार्य आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गाणे व कथा यांच्या सीमेवर उभा असलेला एक कोरियन प्रकार येथे प्रथम लक्षात घेतला पाहिजे. पान्सोरी या प्रकारात एक गायक आणि एक ढोलवादक एवढ्यांवर अनेक तासांचे आख्यान उभे राहते. गायक कधी गातो, कधी गद्यात निरूपण करतो, हातातल्या पंख्याने अभिनय करतो. वादक आणि श्रोते मध्येच दाद देऊन त्यास पुढे ढकलतात. नारदीय कीर्तन ऐकलेल्या माणसास हा घाट नवा वाटणार नाही. आज परंपरेने टिकून असलेल्या पाच आख्यानांपैकी 'सुगुंगगा' हे आख्यान सागरराजाच्या आजारावर सशाचे यकृत आणावयास निघालेल्या कासवाचे आहे. ससा म्हणतो, यकृत घरीच राहिले. आपल्याकडे माकड हेच उत्तर मगरीस देते, फक्त यकृताच्या जागी काळीज असते. जातककथेतून चिनी बौद्ध अनुवादांमार्गे ही कथा कोरियात गेली, असे अभ्यासक मानतात. याच आख्यानातील वाघाच्या आगमनाचा भाग एका कोरियन वाद्यवृंदाने नव्या ठेक्यावर बांधला आणि 2020 साली तो कोरियाच्या पर्यटनविषयक चित्रफितीतून जगभर गेला. तो आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे; त्यातले आख्यान मात्र आपल्याच ओळखीचे आहे, हे त्यांना सांगावे लागते.

ओळखीचा मोह मात्र आवरावयास हवा. माटुंग्यात कोणाही तमिळ गृहस्थास विचारा. कोरियन मूल बापास 'अप्पा' आणि आईस 'ऑम्मा' म्हणते, हे तो कौतुकाने सांगेल. होमर हल्बर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कोरियन व द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरणच लिहिले होते. तथापि त्या नात्यास नियमित ध्वनिसंवादांचा आधार मिळालेला नाही, आणि आईबापांचे शब्द तर या कामी सर्वांत कमी विश्वासार्ह. ओठ मिटून उघडले की जे ध्वनी सहज निघतात त्यांतून ते घडतात, हे रोमान याकोबसन यांनी 1960 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले आहे. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आणि नामाच्या मागे लागणारे प्रत्यय यांत कोरियन व मराठी सारख्या आहेत हे खरे. पण त्यांत तुर्की आणि जपानी याही सारख्याच आहेत. तेव्हा रक्ताचे नाते बाजूस ठेवावे. मला महत्त्वाचे वाटते ते वागणुकीतले साम्य.

'स्क्विड गेम' ही मालिका 2021 साली आली. तीत अली नावाचा पाकिस्तानी मजूर आहे. ही भूमिका अनुपम त्रिपाठी या भारतीय नटाने केली आहे. अली हा सांग-वू या सुशिक्षित कोरियन माणसास 'साजांगनिम' म्हणतो. हा शब्द कारखान्याच्या वा दुकानाच्या मालकासाठी आहे. मुंबईच्या कोणत्याही लहान कारखान्यात कामगार याच जागी 'शेठ' म्हणेल. पुढे सांग-वू त्यास म्हणतो की, मला 'ह्यंग' म्हण. म्हणजे पुरुषाने थोरल्या भावास मारावयाची हाक. यानंतर अली त्यास ह्यंग म्हणू लागतो, आणि ज्यास तो ह्यंग म्हणतो तोच गोट्यांच्या खेळात त्याचा घात करतो. इंग्रजी ओळींत 'साजांगनिम'चे 'सर' झाले आणि 'ह्यंग म्हण' याचे 'सांग-वू म्हण' झाले. इंग्रजी प्रेक्षकास एवढेच कळले की, दोघांतला संकोच गेला. कोरियन प्रेक्षकास कळले ते असे की, एका परक्या मजुरास भाऊ मिळाला. घाताचे सगळे दारुण्य या एका शब्दात साठवलेले आहे. अनुवादकास दोष देण्यात अर्थ नाही, कारण इंग्रजीत त्या जागी ठेवण्यास शब्दच नाही. पण मराठीत आहे: 'शेठ नको म्हणूस, दादा म्हण.' लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसास यापुढे टीप लागणार नाही.

म्हणजे आपण आपल्याजवळ असलेली वस्तू ज्याच्याजवळ ती नाही त्याच्या हातून घेत आहोत.

हे केवळ नात्याच्या शब्दांपुरते नाही. कोरियन क्रियापदाच्या अंती येणारा प्रत्यय ऐकणाऱ्याशी असलेले नाते सांगतो. व्याकरणकार त्याच्या सहा-सात पातळ्या मोजतात. 'पाऊस पडतो आहे' या वाक्यात ऐकणाऱ्याचा उल्लेखही नाही, तरी कोरियन माणसास ते मित्रास, वडिलांस आणि सभेस निरनिराळ्या रूपांत सांगावे लागते. इंग्रजीत यास उपाय नाही. मराठीत तू, तुम्ही, आपण ही सर्वनामे आहेतच; शिवाय आपल्याजवळ एक फार सूक्ष्म साधन आहे, ज्याकडे आपल्या व्याकरणांनी अव्ययांच्या यादीपलीकडे क्वचितच पाहिले: 'पाऊस पडतोय रे', 'पाऊस पडतोय गं', 'पाऊस पडतोय हो'. पावसात काही फरक नाही, ऐकणारा बदलला. दोन पात्रे एका प्रसंगात आदराच्या रूपावरून सलगीच्या रूपावर येतात, तो क्षण कोरियन कथांत वारंवार येतो आणि बहुधा तोच प्रसंगाचा कळस असतो. 'अहो'वरून 'अरे'वर येणे म्हणजे काय, हे मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाही. कोरियन पतिपत्नी एकमेकांस 'यॉबो' म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती 'इकडे पाहा' अशी सांगितली जाते. आपल्या आज्यांच्या 'इकडून येणं झालं का' या बोलण्याशेजारी तो खुशाल ठेवावा.

येथे कोणी म्हणेल की, मराठी हे या कथांचे निर्दोष पात्र आहे असा माझा दावा आहे. तसे नाही. एकदा पदव्युत्तर वर्गात मी एक प्रसंग इंग्रजी बाजूस ठेवून, कोरियन संहितेवरून शब्दशः अर्थ देऊन, मराठीत करावयास दिला. 'दादा'पाशी वर्ग अडला. कोरियन स्त्री थोरल्या भावास 'ओप्पा' म्हणते आणि प्रियकरासही तेच म्हणते. मराठीत मुलीने एखाद्यास दादा म्हटले की, प्रेमकथा तेथेच संपली. राखीची तयारी करावी! वर्गाने नाव घालून पाहिले, 'अहो' घालून पाहिले. पहिल्याने सलगी येते पण वडीलपण जाते, दुसऱ्याने लग्नच लागते. शेवटी मूळ 'ओप्पा' तसाच ठेवावा असे ठरले, आणि मला तो निर्णय योग्य वाटला. परभाषेतील एखादा शब्द आपल्यात आणून बसविणे हाही अनुवादच आहे.

दुसरी अडचण लिंगाची. कोरियन क्रियापदास लिंग नाही. मराठी बोलणाऱ्यास 'येतो' की 'येते' हे तोंड उघडताच ठरवावे लागते. 'कॉफी प्रिन्स' या 2007 च्या मालिकेत एक मुलगी मुलगा म्हणून वावरते. कोरियन भाषेत असे सोंग नात्याच्या शब्दात सांभाळावे लागते, कारण 'ओप्पा' म्हटले की बोलणारी स्त्री ठरते. मराठीत तेच सोंग प्रत्येक क्रियापदात सांभाळावे लागेल. धोका अधिक, म्हणून कदाचित नाट्यही अधिक. ही हानी आहे की लाभ, यावर वर्गात दोन तट पडले आणि अजून आहेत.

त्या चर्चेत एका विद्यार्थिनीने मोठ्या नवलाने सांगितले की, कोरियात वडील भावंडास नावाने हाक मारीत नाहीत. मी तिला विचारले, 'तुमच्या घरी?' ती थोडी थांबली. आजी अजून आपल्या थोरल्या बहिणीस अक्काच म्हणते, असे म्हणाली. आणि तिचा धाकटा भाऊ तिला मात्र नावाने हाक मारतो. पुढच्या आठवड्यात तिने आजीच्या तोंडची सारी संबोधने एका वहीत उतरून आणली. ती एकोणीस भरली, आणि त्यांपैकी सहा तिने स्वतः कधी वापरलेली नव्हती.